परवानगी हाय का?

कुणी पासवर्ड टाकायला लागले की सुभेदार हिंदुराव पाठ फिरवून उभे राहतात. नुसती मान वळवत नाहीत. टाच आपटून पुरते मागे वळतात, हात पाठीशी बांधतात आणि समोरचा ‘झालं’ म्हणेपर्यंत भिंतीकडे पाहत राहतात. एकदा सांगलीत एटीएमच्या रांगेत ते नेमके माझ्या मागे होते. मी यंत्रासमोर जाताच मागून आवाज आला, “समदे पाठमोरे व्हा.” माझे काम उरकून मी वळले, तर रांगेतली सहा अनोळखी माणसे रस्त्याकडे तोंड करून ताठ उभी होती. त्यांतल्या एका गृहस्थांच्या हातात मेथीची जुडी होती, तीसुद्धा त्यांनी शस्त्रासारखी खांद्याला लावली होती.

नील आणि मीरा, माझ्या नातवंडांनो, मागच्या महिन्यात मी तुम्हाला माझ्या वर्गाचा फोटो पाठवला, तेव्हा तुम्ही दोघांनी एकच प्रश्न विचारला होता. डावीकडून तिसऱ्या बाईंच्या तोंडासमोर कुणीतरी हजेरीपट का धरला आहे? त्याचे उत्तर फोनवर देण्याजोगे नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचताना अजून अडखळायला होते हे मला माहीत आहे. तरीही हे आईकडून वाचून घेऊ नका. दोन दिवस लागले तरी चालतील, पण स्वतः वाचा. असे का म्हणते, ते पुढे कळेल.

तो हजेरीपट धरणारा हात सुभेदारांचा आहे.

मी आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, सांगलीहून एसटीने कुंडलला जाते. तिथल्या एका शाळेत दुपारी बायकांचा वर्ग भरतो. लहानपणी शाळा सुटलेल्या बाराजणी मुक्त शाळेच्या आठवीला बसल्या आहेत आणि मी त्यांना भाषा शिकवते. शिकवणे वर्गात होते, पण स्वाध्याय आणि चाचण्या सगळ्या मोबाइलवर, संस्थेच्या पोर्टलवर. पोर्टल आले तेव्हा त्याच्याबरोबर सतरा पाने इंग्रजी नियमही आले. विद्यार्थ्यांची माहिती कुणी पाहायची, कुणी नाही, पोर्टल कशासाठी वापरायचे, कशासाठी नाही. त्यांचे मराठी करायचे काम माझ्याकडे आले आणि ते पाळून घ्यायचे काम सुभेदारांकडे. फौजेत चोवीस वर्षे बिनतारी संदेश पाठवण्यात गेलेली असल्याने गावात ‘मशिनीतलं’ त्यांनाच कळते, असा सर्वांचा समज होता.

माझ्या हातून एक चूक झाली. मराठी जरा जास्तच सोपे केले. सुभेदारांनी ते सतरा दिवसांत पाठ केले.

पहिल्याच दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले आणि माझे नाव सांगितले. त्यांनी दाराबाहेर पाहून घेतले आणि म्हणाले, “हळू बोला, बाई. भिंतीपल्याड सातवी ब हाय.”

नियम चार असा आहे, की विद्यार्थ्याची कोणतीही माहिती त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला देऊ नये. सुभेदारांचे सारे आयुष्य आता या नियमावर उभे आहे. सहामाहीचे गुण फळ्यावर लावायचे होते, तर त्यांनी नावे काढली. हजेरी क्रमांकावरूनही ओळखता येते म्हणून तेही काढले. उरले ते नुसते आकडे, वरून खाली, एकाखाली एक. सगळ्यांत मोठा आकडा होता एकाहत्तर. त्या संध्याकाळपर्यंत गावात एकाहत्तर गुण मिळवलेल्या अकरा मुली आणि नऊ मुलगे झाले. दोन घरांत पेढे वाटले गेले. फळ्यावर सव्वीससुद्धा होते, पण ते कुणाचेच नव्हते.

मग गावातले एक वजनदार गृहस्थ आले. दहावीतल्या मुलीची हजेरी पाहायची होती.

“परवानगी हाय का?” सुभेदार म्हणाले.

“कुणाची?”

“पोरीची.”

“अरं, पोरगी माझी हाय.”

“पोरगी तुमची. हजेरी तिची.”

गृहस्थ रागाने घरी गेले, मुलीला घेऊन आले, मुलीने कागदावर सही केली, आणि मग सुभेदारांनी हजेरी दाखवली. ती पुरी होती. जाताना गृहस्थ मुलीला म्हणाले, “मला वाटलं, तू कुटंतरी भटकतीस.” मुलगी म्हणाली, “मग मलाच इचारायचं की.” सुभेदारांनी हे ऐकले नाही. ते पाठ फिरवून उभे होते.

पासवर्डांची गोष्ट तर तालुक्यात गाजली. सुरुवातीला मुलांनी काय केले, तर प्रत्येकाने आपापल्या बैलाचे नाव ठेवले. आमच्याकडे शर्यतीच्या बैलाचे नाव गावच्या पोराटोरांना पाठ असते. गाड्यावर लिहिलेले असते, लाउडस्पीकरवरून पुकारलेले असते. आठ दिवसांत सगळे सगळ्यांचे स्वाध्याय सोडवू लागले. सुभेदारांनी शाळा मैदानात उभी केली आणि सांगितले, “बैलाचं नाव ठेवायचं न्हाई. म्हशीचं ठेवायचं न्हाई. जे नाव हाक मारायला वापरता, ते कुलपाला वापरायचं न्हाई. पासवर्ड म्हंजे अशी गोष्ट, जी तुमी आजवर कुणाजवळ बोलला न्हाई.”

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणाले, “आमच्याकडं तसलं कायच न्हाई, सर.”

 सुभेदार म्हणाले, “असतं रं. समद्यांकडं एकतरी असतं.”

आता तुमचा फोटो. मी वर्गाचा फोटो काढणार म्हटल्यावर ते परवानगीचा नमुना घेऊन हजर झाले. बारा बायका, बारा सह्या. तुम्हा दोघांची नावे, गाव आणि फोटो कोणत्या भिंतीवर लावणार, हेही मला लिहून द्यावे लागले. अकराजणींनी सह्या केल्या. एकीने केली नाही, आणि ती सुभेदारांचीच पत्नी, शालन. आपण शाळेत बसलो आहोत, हे पाटणकडच्या माहेरी तिने अजून सांगितलेले नव्हते. “आदी पास होऊ द्या. मंग फोटो लावा, न्हाईतर बोर्ड लावा.” मी म्हटले, बाजूला उभी राहा. तर तिला फोटोत यायचेही होते. तेव्हा सुभेदारांनी तोडगा काढला. माणूस फोटोत, तोंड हजेरीपटामागे.

“सुभेदार,” मी त्यांना एकदा एसटीच्या थांब्यावर विचारले, “हे सगळे फौजेतून आले का?”

“फौजेतनं न्हाई, बाई. गल्लीतनं आलं.”

गाडीला वेळ होता, म्हणून त्यांनी सांगितले. लग्न झाले आणि दीड महिन्यात ते पंजाबात रुजू झाले. शालनची शाळा दुसरीत सुटलेली. तिला अक्षर लागत नसे. पत्र आले की समोरचे निवासतात्या वाचून दाखवायचे. तात्या नात्याने चुलतभाऊ, माणूस सज्जन, आवाज खणखणीत. ते पत्र आपल्या कट्ट्यावर बसून वाचत. ऐकायला शालन तर असेच, शिवाय सासू, दोन जावा, शेजारच्या म्हाताऱ्या आणि ज्याला त्या वेळी काम नसेल तो. उत्तरही तात्याच लिहीत, आणि आपल्या भाषेत लिहीत. “पत्राखाली असायचं, ‘आपली आज्ञाधारक’. बाई, तिनं आयुष्यात ह्यो शब्द उच्चारला न्हाई.”

पाचव्या वर्षी त्यांची बदली बर्फात झाली. तिथून त्यांनी एका पत्रात लिहिले, ‘तुझी लय आठवण येते.’ एवढेच. तात्यांनी ते वाक्य वाचले. मागच्यांना ऐकू आले नाही म्हणून पुन्हा वाचले. पुढचे सहा महिने शालन नळावर गेली की बायका घागर बाजूला ठेवून विचारायच्या, “काय गं, बर्फ वितळला का न्हाई?” तिने तात्यांकडूनच उत्तर लिहवून घेतले, की पुन्हा असले काही लिहू नका.

“मग तुम्ही काय लिहीत होतात?”

“मी खुशाल हाय. तब्येतीस जपणे. म्हशीस जपणे.” सुभेदार समोरच्या उसाकडे पाहत होते. “एकोणीस वर्सं मी म्हशीची चवकशी केली, बाई.”

पुढे फोन आला. पण गावात फोनची केबिन टाकली ती तात्यांनीच.

“आता तर वीस वर्षे घरीच आहात. आता बोलता की,” मी म्हटले.

“बोलतो की. दिवसभर बोलतो. पण बोलणं येगळं आन् पत्र येगळं.” गाडी आली, मी चढले आणि ते सवयीने सलाम ठोकून उभे राहिले.

हे सारे सांगण्याची परवानगी मी त्या दोघांकडून लेखी घेतली आहे. निवासतात्यांकडूनही. तात्या म्हणाले, “माझी कसली परवानगी? आवं, नाव मोठ्या अक्षरात टाका.”

आता जे घडले ते सांगते. त्याआधी नियम नऊ सांगायला हवा. पोर्टलचा वापर फक्त अभ्यासासाठी करावा. खाजगी संदेश पाठवू नयेत. पाठवल्यास खाते सात दिवस बंद. सुभेदारांनी या नियमातून कुणालाही सोडले नव्हते. आमच्या वर्गातल्या रेखाने मैत्रिणीला ‘गुरुवारी हळदीकुंकवाला ये’ असे लिहिले, तर तिचे खाते सात दिवस बंद झाले आणि एक चाचणी हुकली. तेव्हापासून वर्गातल्या बायका संधी शोधत होत्या. “एकदा शालनकाकी घावू द्या. मग बगू सुभेदार काय करत्यात.”

एका गुरुवारी मी पोहोचले तर सुभेदार फाटकाशीच उभे. चेहरा उतरलेला.

“बाई, केस हाय.”

खोलीत नेऊन त्यांनी संगणकाचा पडदा दाखवला. मंगळवारी चार वाजता त्यांच्या पेटीत एक संदेश आला होता. पाठवणारी शालन. विषयाच्या जागी एकच शब्द : खाजगी. संदेश उघडलेला नव्हता.

“घरी विचारले नाहीत?”

“कसं इचारणार? पोर्टलची गोष्ट घरी काढायची न्हाई. नियम सहा.”

अडचण खरी होती. नियमाप्रमाणे आलेला संदेश दोन दिवसांत उघडून निकाल द्यायचा, म्हणजे आज चारच्या आत. उघडला आणि आत खाजगी निघाले, तर खाते सात दिवस बंद. शनिवारी शेवटची चाचणी होती. ती दिल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. न उघडावा, तर ज्या माणसाने रेखाला सोडले नाही, त्याने बायकोला सोडले असे होते. दोन रात्री ते जेवले होते, पण चव कळली नव्हती, असे त्यांनीच सांगितले.

“तिची आठवी जाती, न्हाईतर माझा नियम जातो,” ते म्हणाले. “नियम गेला तर मी उद्या ह्या खुर्चीत बसत न्हाई. पण आठवी तिनं बासष्टाव्या वर्सी धरलीया.”

मी शालनला वर्गातून बोलावले. ती पदर खोचून आली आणि दोघांकडे पाहून म्हणाली, “काय झालं? कोन गेलं?”

“शालन, हा संदेश तू पाठवलास?” मी विचारले.

“व्हय. पत्र हाय ते.”

“पोर्टलवर खाजगी पत्र पाठवायचे नाही, हे ठाऊक आहे ना?”

“आवं बाई, तुमीच सांगितलं की. गेल्या गुरुवारी. घरातल्या मानसाला पत्र लिवा.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेल्या गुरुवारी मी खरेच पत्रलेखनाचा स्वाध्याय दिला होता. ‘घरातील व्यक्तीस पत्र लिहा’, पाच गुण. अकराजणींनी तो माझ्या पेटीत टाकला होता. शालनचा आला नव्हता, म्हणून मी वहीत खूणही केली होती.

“पण तो स्वाध्याय माझ्याकडे पाठवायचा होता.”

शालनने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच दुसरीतून शाळा सोडली आहे. “पत्र ह्यास्नी लिवलं. मग तुमास्नी कशाला धाडू?”

 चाळीस वर्षे मी पत्रलेखन शिकवले. आईला पत्र, मामाला पत्र, मैत्रिणीला पत्र, आणि ती सगळी पत्रे मीच वाचली. ज्याचे त्याला पाठवावे, हे आजवर एकाही विद्यार्थ्याला सुचले नव्हते आणि मलाही.

सुभेदारांच्या चेहऱ्यावर रंग परतला. “म्हंजे अभ्यासच हाय. नियम नऊ लागत न्हाई.” मग तो रंग पुन्हा गेला. “पन मग नियम बारा. स्वाध्याय बाईंनी तपासायला पायजे. गुण पडल्याबिगर चाचणीचं दार उघडत न्हाई.”

“मग मी वाचते आणि गुण देते,” मी म्हणाले.

“न्हाई,” शालन म्हणाली.

ती आवाज चढवून बोलली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. “चोवीस वर्सं आमची पत्रं समद्या गल्लीनं वाचली. जावांनी वाचली, सासूनं ऐकली. मी एकटीच हुते, जिला वाचता येत नव्हतं. आता मी लिवलंय, माज्या हातानं. दोन बोटांनी लिवलंय, चार दुपारा लागल्या. हे एकानंच वाचायचं. गुण नगंत मला. चाचणी बी ऱ्हाऊ द्या.”

 भिंतीपलीकडे सातवी ब पाढे म्हणत होती. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटे झाली होती.

मी आयुष्यात न वाचता गुण दिलेले नाहीत. तुमच्या आईलासुद्धा दिले नव्हते, तिला विचारा. पण गुण कशाचे द्यायचे हे ठरवणारा तक्ता माझ्या पिशवीत असतो. तो काढला, चष्मा लावला आणि शालनला म्हटले, “तोंडी घेते. पत्ता लिहिलास?”

“एकाच घरात ऱ्हातो की. पत्ता कशाला?”

“तारीख?”

“लिवली.”

“मायना?”

“लिवला. काय ते सांगनार न्हाई.”

“विषयाला धरून आहे?”

तिने एकदा सुभेदारांकडे पाहिले. “हाय.”

“शेवटी नाव?”

“शालन. नुसतं. आज्ञाधारक न्हाई.”

मी पाचापैकी साडेचार दिले. पत्ता नव्हता, त्याचा अर्धा गुण कापावाच लागला. शेरा लिहिला : ‘न वाचता तपासले.’ सुभेदारांनी शेरा दोनदा वाचला, नियमांची सतराच्या सतरा पाने मनात उलटली आणि म्हणाले, “असं करू नये, असं कुटं लिवलेलं न्हाई.” शनिवारच्या चाचणीसमोरचे लाल चिन्ह हिरवे झाले.

शालन वर्गात निघून गेली. सुभेदार पडद्यासमोर बसले. चाराला अजून वेळ होता. त्यांनी शर्टाचे वरचे बटण लावले आणि संगणकाच्या उंदरावर बोट ठेवले. मला कुणी सांगितले नाही, पण मी उठले, मागे वळले, हात पाठीशी घेतले आणि भिंतीवरचा सांगली जिल्ह्याचा नकाशा पाहत उभी राहिले. शिराळा, वाळवा, पलूस, तासगाव. सगळे तालुके वाचून झाले. पुन्हा पहिल्यापासून वाचले. पत्र लहान असावे, पण वेळ बराच लागला.

“झालं,” मागून आवाज आला.  मी वळले नाही. अजून एकदा शिराळ्यापासून सुरुवात केली.

पुढच्या गुरुवारी वर्ग सुटल्यावर शालनने मला चहाला घरी नेले. चाचणी चांगली गेली होती. सुभेदार ओसरीवर नियमांची पाने नव्या दोऱ्याने टाचत बसले होते. समोरच्या कट्ट्यावर निवासतात्या ऊन खात होते. आता त्यांची ऐंशी जवळ आली आहे, पण कान शाबूत आहेत. इतक्यात पोस्टमनची सायकल थांबली आणि त्याने निळे अंतर्देशीय पत्र पुढे केले. असे पत्र मीही कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. वर पत्ता लिहिला होता, पुरा, पिनकोडसह. शालन हिंदुराव, आणि खाली हेच घर. पाठवणाऱ्याच्या जागीही हेच घर. एका घरातून त्याच घरात यायला पत्राला चार दिवस लागले होते.

निवासतात्या काठी टेकत उठले. हात आपोआप खिशातल्या चष्म्याकडे गेला. “शालन, आन इकडं. वाचून दावतो.”

शालनने पत्र पदराखाली घेतले.

“तात्या,” ती म्हणाली, “परवानगी हाय का?”

 तात्यांनी चष्मा खिशातच राहू दिला आणि ते हसत खाली बसले. “न्हाई बा,” म्हणाले. “आता कुटली?”

शालन आत गेली. तिच्या पाठोपाठ सुभेदारही उठले. मला वाटले, आत जातील. पण ते उंबऱ्याशी थांबले, टाच आपटली, दाराकडे पाठ केली आणि रस्त्याकडे तोंड करून ताठ उभे राहिले. कान मात्र लाल झाले होते. आतून कागद फाडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. ती अजून ओळीखाली बोट ठेवून वाचते.

माझा चहा आतच गार झाला. मी मागितला नाही.

शेवटी शालन दारात आली. डोळे पुसले होते की काय कोण जाणे, पण हसत होती. ती नवऱ्याशी काही बोलली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, “बाई, आवं, ह्यात म्हशीचं कायच न्हाई.”